डब्याआधी माप

जुन्या गाडीच्या इंजिनात कंपनीचाच भाग पडला पाहिजे, या मताचा मी बरीच वर्षं कट्टर होतो. प्रीमियर पद्मिनी ठेवायची तर तिच्याच काळातला, कंपनीच्या डब्यातून निघालेला माल शोधायचा. तो मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल, पण टॅक्सीसाठी बनलेला डुप्लिकेट किंवा लेथवर करून घेतलेला भाग नको. नाना पेठेतली दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड मी याच हट्टानं पालथा घातला. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे मोकळेपणानं सांगावंसं वाटतं, कारण त्याच हट्टापायी चांगल्या गाड्या गॅरेजात गंजत आहेत.

त्या हट्टामागे प्रेम होतं, हे मी आजही नाकारणार नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं ते साधं, समंजस इंजिन. ज्या कारखान्यानं ते घडवलं त्याच्याच ठशाचा भाग त्यात पडावा, असं कोणाही मालकाला वाटेल.

पण इंजिन उतरवून ब्लॉक मोजायला घेतला की डब्यावरचा ठसा मागे पडतो. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. इतक्या वर्षांत बहुतेक ब्लॉक एकदा तरी बोअर झालेले असतात. कोणाचा वीस थाऊ, कोणाचा चाळीस. वीस थाऊ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण तेवढ्यानं स्टँडर्ड मापाचा कोराकरकरीत कंपनीचा सेट त्या ब्लॉकसाठी निरुपयोगी ठरतो. मग दोनच वाटा उरतात. पुढच्या ओव्हरसाइझचे पिस्टन मिळवायचे, नाहीतर ब्लॉकला स्लीव्ह घालून तो पुन्हा स्टँडर्डवर आणायचा.

यापुढचं सगळं मोजणाऱ्याच्या हातात असतं. जाणता मिस्त्री पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंगला ब्लॉक पाठवत नाही. प्रत्येक पिस्टन तो स्कर्टवर, पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरनं मोजतो आणि त्या मापाला धरून बोअर करायला सांगतो. मग रिंग एकेक करून बोअरमध्ये सरळ बसवतो आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं तपासतो. फट कमी पडली तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. जास्त झाली तर कॉम्प्रेशन गळतं आणि धूर सुरू होतो. क्रँकचंही तसंच: जितका ग्राइंड केला, तितक्याच अंडरसाइझची बेअरिंग लागतात. ही मापं चुकली तर कंपनीचा डबा इंजिनाला वाचवू शकत नाही.

दुसरं कारण पेट्रोल. हे इंजिन आखलं गेलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असे आणि वाल्व्ह जिथे टेकतो त्या सीटची झीज त्यामुळे आटोक्यात राही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. म्हणून हेडचं काम निघालंच तर आजच्या कठीण धातूच्या सीट घालून घेणं शहाणपणाचं. आता तर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, चिरा पाडतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम कंपनीचा असला, तरी तो या पेट्रोलसाठी बनलेलाच नव्हता. शिवाय रबर फळीवर पडल्यापडल्याही कडक होतं. डायफ्राम, होज आणि ऑइल सील मी आता आजचेच, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतो, आणि त्याबद्दल मनात किंतु उरलेला नाही.

टॅक्सीच्या मालाकडेही मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. टॅक्सी धावत होत्या तोवर गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंग चेन यांना रोजचं गिऱ्हाईक होतं आणि छोटे कारखानदार तो माल काढत होते. ज्या मालाला मी नाक मुरडत होतो, त्यानंच या गाड्यांचा बाजार जिवंत ठेवला होता. ते गिऱ्हाईक गेलं, आता भार आपल्यासारख्या हौशी मालकांवर आहे.

याचा अर्थ काहीही चालेल असा मुळीच नाही. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग यांत मी आजही तडजोड करत नाही. नाव नसलेला माल तिथे नको म्हणजे नकोच. बदललं आहे ते एवढंच, की आधी मी डबा पाहत असे, आता माप आणि धातू पाहतो.

म्हणून मालकांना माझी विनंती आहे. इंजिन उघडलंत तर प्रत्येक माप वहीत लिहून ठेवा. चांगल्या स्थितीतला जुना भाग फेकू नका, नमुना म्हणून जपा. आणि पिस्टनच्या एका सेटसाठी एकट्यानं वणवण करण्यापेक्षा दहा जण एकत्र येऊन बनवणाऱ्याकडे ऑर्डर द्या. दहा सेट असतील तर तो ऐकेल, आणि गाड्या रस्त्यावर राहतील.