शिडांच्या शर्यतींत आम्ही

साठी उलटल्यावर नवा नाद लावून घेणाऱ्या मनुष्याकडे घरांतील मंडळी ज्या नजरेनें पाहतात, ती नजर गेलीं दोन वर्षें आमच्या चांगली परिचयाची झाली आहे. आम्हांस नाद लागला तो शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा. आणि तोही आम्ही होऊन शोधीत गेलों नव्हतों. आमचा नातू मुंबई बंदरांतील एका मंडळांत होडी चालवावयास शिकूं लागला, आणि दर रविवारीं त्यास धक्क्यावर पोंचविण्याचें काम, घरांत रिकामा मनुष्य एकच असल्यामुळें, आमच्याकडे आलें. वहिनींनीं पहिल्याच दिवशीं हटकलें, "भावोजी, तुम्ही संस्कृत शिकलेले. कलिवर्ज्यांत समुद्रयान येतं ना?" बंदराबाहेर न जाणारी होडी समुद्रयानांत मोडते कीं नाहीं याविषयीं वाद आहे, असें सांगून आम्ही वेळ मारून नेली.

शाळेंत तेहतीस वर्षें आम्हीं खारे वारे आणि मतलई वारे शिकविले. फळ्यावर जमीन काढावयाची, समुद्र काढावयाचा, आणि दिवसाचे बाण एकीकडे व रात्रीचे दुसरीकडे. परंतु तो वारा बदलतांना आम्हीं कधीं पाहिला नव्हता. हिवाळ्यांतील सकाळीं धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे जमिनीकडून येणारी गार झुळूक हळूहळू मरते. पाणी तेलासारखें स्वस्थ होतें. शिडें लोंबूं लागतात. आणि मग दुपारच्या सुमारास वायव्येकडे पाण्यावर एक काळसर रेघ उमटते व ती आपल्याकडे चालत येते. ती रेघ म्हणजे वारा. आमचे बाण बरोबर होते, एवढेंच समाधान.

दुसऱ्या एका गोष्टींत मात्र आमची विद्या कामास आली. भरतीची वेळ सांगावयास तरुण मंडळी खिशांतून दूरध्वनि काढतात. आम्ही तिथीची पाऊणपट करितों. अष्टमीस सहाला पूर्ण भरती, चतुर्थीस तीनला. मुंबईस हें गणित सुमारानें बरोबर येतें. पहिले कांहीं आठवडे मुलांनीं आमचा ताळा त्यांच्या यंत्राशीं करून पाहिला, आणि नंतर तीं आम्हांसच विचारूं लागलीं.

मुलांच्या होडीचें नांव 'ऑप्टिमिस्ट'. क्लार्क मिल्स नांवाच्या गृहस्थानें १९४७ त अमेरिकेंतील फ्लोरिडांत ती आंखली. लांबी सव्वादोन मीटरांहून थोडी अधिक, एक शीड, एक सुकाणू, आणि आंत एकच मूल. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कोणतीच शिडाची होडी जाऊं शकत नाहीं. नागमोडी वळणें घेत, वारा एकदां उजव्या आणि एकदां डाव्या अंगानें घेत, ती वर चढते. उजव्या अंगानें वारा घेणारीस डाव्या अंगानें घेणारीनें वाट द्यावयाची, हा शर्यतीचा पहिला नियम. मुंबईस हा खेळ नवा नव्हे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ तला आहे (आमचें मंडळ तें नव्हे). आणि १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती याच शहरीं होऊन तारापोर व करंजिया या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें होतें. आम्ही तेव्हां याच प्रांतांत राहत असून ती बातमी वाचल्याचेंही आम्हांस स्मरत नाहीं.

या खेळांत शिरावयास स्वतःची होडी लागते, हा आमचा समज खोटा ठरला. मंडळास टंचाई असते ती नांगरलेल्या मोठ्या होडीवर उन्हांत बसून वेळ मोजणाऱ्या मनुष्यांची. आमच्या हातांत घड्याळ आणि वही पाहून शर्यतप्रमुखांनीं आम्हांस वर घेतलें. प्रारंभाची पद्धत शाळेच्या घंटेहून कडक आहे: पांच मिनिटें असतां एक निशाण वर, चार असतां दुसरें, एक असतां तें दुसरें खालीं, आणि शून्यावर पहिलेंही खालीं. आमच्या होडीची काठी आणि दूरचा बोया यांमधील कल्पित रेषा शून्यापूर्वीं कोणी ओलांडली, तर आम्ही शिडावरील क्रमांक पुकारावयाचा. लागलीच शेजारचा मनुष्य पांढऱ्यावर निळी फुली असलेलें निशाण चढवून भोंगा वाजवितो, आणि त्या होडीनें परत येऊन पुन्हा निघावयाचें.

पुढें पाण्यावर पंच बहुधा नसतोच. बोयास होडी लागली तर जो तो आपण होऊन एक फेरी घेऊन प्रायश्चित्त करितो. आयुष्यभर परीक्षेंत पर्यवेक्षण करून मुलांच्या बाह्या तपासलेल्या आम्हांस हें प्रथम भोळेपणाचें वाटलें.

गेल्या पौषांत संकष्टी रविवारीं आली. तिसऱ्या प्रहरीं तीनची भरती, म्हणजे बाराला पाण्याचा ओघ ऐन जोरांत. आणि तो होड्यांस रेषेपलीकडे लोटीत होता. मोसमाची ती शेवटची शर्यत. परगांवच्या सामन्यास मंडळाचीं चार मुलें जावयाचीं होतीं, आणि आमचा नातू तोंपर्यंत चौथा होता. शून्य झालें, भोंगा वाजला; आणि रेषेच्या पलीकडे हातभर एकच नाळ आम्हांस स्पष्ट दिसली. क्रमांक पाहण्याची गरज नव्हती. त्या शिडाचें ठिगळ आमच्याच घरीं शिवलेलें होतें.

आमची जीभ उचलली नाहीं. खात्री नाहीं, असें आम्हीं स्वतःस सांगितलें, पुन्हा पाहिलें, खात्री होती. मग क्रमांक पुकारला. घड्याळाप्रमाणें मध्यें पंधरा सेकंद गेले होते. निशाण लागलें, भोंगा वाजला, पण मुलें पुढें निघून गेलीं होतीं. तो तिसरा आला, आणि निकालांत त्याच्या नांवापुढें 'रेषेपलीकडे' अशी नोंद झाली. एकंदर होड्यांहून एक अधिक इतके गुण मिळाले. आणि येथें गुण जितके थोडे तितका खेळाडू वर. तो पांचवा झाला. वेळेवर पुकारलें असतें तर परत वळून त्यास पुष्कळ वेळ उरला असता.

आम्ही शर्यतप्रमुखांकडे गेलों आणि निशाणास उशीर आमच्यामुळें झाला, कां झाला, तेंही सांगितलें. ते म्हणाले, "लिहून द्या. मुलानं दाद मागावी. ती त्याला मिळूं शकते."

संध्याकाळीं तिघांच्या समितीपुढें सुनावणी झाली. टेबलावर लांकडी होड्या मांडल्या होत्या. आमची कबुली वाचली गेली. मग एका बाईंनीं नातवास विचारलें, "रेषा ओलांडली, हें तुला कळलं होतं का?" प्रश्न साधा नव्हता. न कळल्यास दाद मिळावयाची. कळलें असल्यास निशाण असो वा नसो, परत वळणें त्याचें कर्तव्य होतें. हें त्यास ठाऊक होतें. आम्हीं जमिनीकडे पाहिलें.

"वाटलं होतं," तो म्हणाला. "पण निशाण दिसलं नाहीं, म्हणून पुढें गेलों."

"वाटलं होतं, कीं कळलं होतं?"

"कळलं होतं."

अर्ज फेटाळला गेला. गाडींत तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. दादर गेल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्हांला लगेच दिसलं होतं?"

"लगेच."

"मग लगेच सांगायचं ना!"

घरीं चंद्रोदय व्हावयाचा होता. बायका मोदक झांकून वाट पाहत होत्या. कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

मुलांच्या प्रारंभास आम्हांस रेषेवर ठेवूं नये, अशी विनंति आम्हीं केली आणि ती मान्य झाली. आतां आमच्याकडे निळ्या शिडांच्या, दोघांनीं चालवावयाच्या 'एंटरप्राइझ' होड्या आहेत. पुढच्या रविवारीं सरावाच्या शर्यती होत्या. तिथि एकादशी, सव्वाआठाची भरती. त्यामुळें बाराला ओहोटी जोराची. सगळ्या होड्या रेषेपासून मागें ओढल्या जात होत्या, आणि त्या दिवशीं एकही अगोदर सुटली नाहीं.