दोरा आणि गाठ

आमच्या घरी पृथ्वीचा एक गोल आहे, शाळेत असताना बक्षीस मिळालेला. त्याच्या स्टँडला पांढरा दोरा बांधलाय, आईच्या शिवणाच्या रिळातला. तो आप्पांनी बांधला.

आप्पा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट, सगळं तिथं छापतात. ‘परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात नाशिकचं काम असतं,’ असं ते ऐटीत सांगत. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट काही कधी निघाला नाही.

एकदा म्हणाले, ‘‘दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धर, दुसरं न्यूयॉर्कवर. आता ताण.’’ भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ जायची. दोरा मात्र सरकत सरकत वर गेला: रशिया, आइसलँडचा शेजार, ग्रीनलँडचं दक्षिण टोक. ‘‘कागदावर सरळ दिसते ती लांबची वाट,’’ आप्पा म्हणाले. दोरा भरला जेमतेम एक फूटपट्टी.

विमानं आम्हाला नवी नव्हती. ओझरचा मिगचा कारखाना १९६४ सालचा. आवाज आला की वर्गातली पोरं खिडकीशी धावत. पण त्या विमानांत बसून कुणी कुठं जात नसे. प्रवाशांसाठी टर्मिनल झालं ते २०१४ साली.

मग लेक न्यू जर्सीला गेली आणि दोरा पुन्हा सोडला. मुंबई ते नेवार्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने सोळा तास. म्हणजे ताशी पावणेआठशेच्या पुढे. आणि नाशिक ते सहारचा विमानतळ? एकशेसत्तर किलोमीटर. कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला, पुढे भिवंडीला गाड्या तुंबल्या, की पाच तास. म्हणजे ताशी चौतीस. त्यात तिथं तीन तास आधी पोहोचायचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, घाटाला बोगद्याची वाट मिळाली. तरी घाटन देवीला हात जोडल्याशिवाय माझी बायको गाडी पुढे जाऊ देत नाही.

येताना लेकीचं विमान तास-दीड तास लवकर पोहोचतं. अंतर तेच, पण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, ते जाताना अंगावर येतात आणि परतताना पाठीशी असतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘माहेरची वाट ती. वाऱ्यालाही कळतं.’’

परवा गोल पुसताना दोरा हातात आला. मुंबईच्या टोकाला आप्पांनी एक गाठ मारून ठेवलीय. पट्टी लावून पाहिली. या गोलाच्या मापाने नाशिक ते मुंबई भरतं चार मिलिमीटर, म्हणजे ती गाठच. तीस सेंटिमीटरच्या दोऱ्याचे तास विमान कंपनी तिकिटावर छापून देते. गाठीचे आपले आपण धरायचे.

विमान रात्री दीडचं असलं, तर आम्ही दुपारी चारला घर सोडतो.