ओळख

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी भालकीहून आत्याच्या नातवाचा फोन आला. "मामा, तुम्ही गाणगापूरला येणारच आहात तर दोन दिवस इकडं या. आजोबांची डिस्क राऊटरला लावलो, पण राऊटर ओळखच दाखवत नाही. आजी रोज विचारते."

आत्या आमच्या गोव्याची. आजोबा दर वर्षी गाणगापूरला जायचे. तिथल्या धर्मशाळेत भालकीच्या एका कुटुंबाशी घसट झाली आणि त्यातून आत्याचं लग्न जुळलं. भीमा-अमरजा संगमावर सोयरीक ठरलेली मुलगी म्हणून घरात तिचं कौतुक होतं. त्याला आता साठ वर्षं होत आली. माशांच्या कढीवर वाढलेली आत्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन तिकडचीच झाली. बोलणंही तिकडचं. "काय करलालास रे?" असं ती विचारते तेव्हा ही बाई एकेकाळी आमच्या अंगणात कोंकणीत भांडायची हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

तर ती डिस्क. आतोबा शाळामास्तर. २०११ साली गेले. त्यांचं पोथीवाचन गावात नावाजलेलं होतं. दत्तजयंतीच्या सप्ताहात ते गुरुचरित्र वाचत आणि मधे थांबून अर्थ सांगत. हे सारं कुणीतरी कॅसेटवर धरून ठेवलं होतं. अशा चौसष्ट कॅसेट. आत्याच्या मुलाने त्या पुण्याला नेऊन एकेक करून संगणकावर उतरवल्या, एका लहानशा हार्ड डिस्कमधे घातल्या आणि आईला पाठवून दिल्या. टीव्हीला लावून पाहिलं, टीव्हीने दाद दिली नाही. मग नातवाला कल्पना सुचली की राऊटरच्या मागे यूएसबीचं भोक आहे, डिस्क तिथे लावली तर घरातल्या कुठल्याही फोनवर ऐकता येईल. आजीच्या खाटेशी एक जुना टॅब ठेवला की झालं. कल्पना चांगली होती. फक्त राऊटरला पटली नाही.

गाणगापूरचं दर्शन उरकून हुमनाबादमार्गे भालकीला पोचलो. सुशीला आणि चहा झाल्यावर नातवाने मला राऊटरपुढे बसवलं. त्याचं निदान तयार होतं, राऊटरचं भोकच बिघडलंय. माझ्या खिशात आठ जीबीचा जुना पेनड्राईव्ह होता, तो लावून पाहिला. राऊटरने तो पटकन ओळखला. म्हणजे भोक ठीक होतं. अशा कामात पहिला नियम हाच. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी आधी माहितीची चीज जोडून बघायची.

मग डिस्क लावली आणि तिला कान लावला. दिवा लुकलुकला, आत टिक् टिक् झालं आणि सारं गप्प. हे पोटाचं दुखणं. डिस्कच्या आत तबकडी फिरते. ती जागची हलवायला सुरुवातीला जास्त वीज लागते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० मधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. अशी डिस्क उठताना बऱ्याचदा पाचशेहून जास्त मागते. राऊटर बिचारा स्वतःच लहानशा अडॅप्टरवर जगतो, तो दुसऱ्याला कुठून देणार? पेनड्राईव्हमधे काही फिरत नाही, म्हणून त्याचं भागतं. यावर उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. नातू दुसऱ्या दिवशी बिदरला जाऊन हब घेऊन आला. येताना, लागेल म्हणून, १२८ जीबीचा एक नवा पेनड्राईव्हही घेऊन आला.

हब लावला, डिस्क एकसुरात फिरायला लागली. पण राऊटरच्या पानावर एकच ओळ, अनोळखी साधन. "लॅपटॉपला लावून बघू," म्हणून नातवाने ती लॅपटॉपला लावली. विंडोजने लगेच विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

नातवाचं बोट 'होय'वर गेलं होतं. मी एवढ्या जोरात ओरडलो की आत्या आतून उठून आली. "काय करलालाव रे दोघं?"

काही नाही म्हटलं. पण माझ्या हाताला घाम सुटला होता. चौसष्ट कॅसेट उतरवून झाल्यावर मूळ कॅसेटचं काय केलं, हे मी पुण्याला फोन करून विचारलं. बऱ्याचशा बुरशीने गेल्या, टाकून दिल्या. दुसरी प्रत? ती नाही. म्हणजे आतोबांचा आवाज जगात या एकाच डब्यात उरला होता आणि त्याच्यावर बोळा फिरवायची परवानगी संगणक इतक्या सभ्यपणे मागत होता!

फोनवरच उलगडा झाला. पुण्याच्या घरी ॲपलचा संगणक. डिस्क त्यावर तयार केलेली, त्यामुळे तिच्यातली मांडणी एचएफएस प्लस पद्धतीची. फाईल कुठे सुरू होते, कुठे संपते, तिचं नाव काय, हे लिहून ठेवायची प्रत्येकाची वेगळी रीत असते. विंडोजची एनटीएफएस, जुन्या पेनड्राईव्हची फॅट-३२, नव्याची एक्सफॅट. या राऊटरला फॅट-३२ आणि एनटीएफएस या दोनच येतात, हे त्याच्याच पानावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं. म्हणजे डिस्क रिकामी नव्हती आणि बिघडलेलीही नव्हती. लिपी वेगळी होती, एवढंच. वाचणाऱ्याला ती येत नव्हती आणि मला येत नाही असं म्हणायच्या ऐवजी तो म्हणत होता, पुसून टाकू का?

ऐकून आत्या म्हणाली, "आपल्या ट्रंकेसारखंच झालं की."

ट्रंकेची गोष्ट मला माहीत होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी लागला. आतोबांना चार लिप्या येत. त्यांचं बालपण निजामाच्या राज्यातलं. शाळा उर्दूत सुरू झाली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. उदगीरला दिलेली बहीण एका दिवसात परराज्यातली झाली. मास्तरांनी सरकारी कामापुरती कन्नड पक्की केली. घरात मराठी, आणि हिशेबाला आजोबांकडून शिकलेली मोडी. ते गेल्यावर माळ्यावर दोन ट्रंका सापडल्या, मोडी कागदांनी भरलेल्या. कुणालाच वाचता येईना. घर रंगवायच्या वेळी त्यातली एक रद्दीत गेली. शेताचे करार होते, पत्रं होती की आणखी काही, आता कुणीही सांगू शकणार नाही. ते कागद कोरे नव्हते. फक्त घरात वाचणारा उरला नव्हता.

आम्हा गोंयकारांना हे नवं नाही. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. ओव्या मराठी, अक्षरं रोमन. ज्यांना ती मराठी सहज कळली असती अशा पुष्कळांना ती अक्षरं अनोळखी. पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती निघाली १९५६ साली. तीनशे चाळीस वर्षं! मधल्या काळात रोमन पुस्तक कुणी तरी सांभाळून ठेवलं, म्हणून देवनागरी होऊ शकलं.

असो. डिस्ककडे वळू. मी लॅपटॉप बंद केला आणि जुन्या आठ जीबीच्या पेनड्राईव्हवर नातवाच्या फोनवरून आधी उतरवून घेतलेली लिनक्स चढवली. हे एक फुकट मिळणारं कार्यतंत्र, संगणकात काही न बदलता नुसत्या पेनड्राईव्हवरून चालतं. त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला पुष्कळ लिप्या वाचता येतात, अगदी आतोबांसारखं. डिस्क लावली आणि पडद्यावर चौसष्ट नावं ओळीने उभी राहिली. नव्वद मिनिटांची एकेक कॅसेट साधारण साडेनऊशे एमबीची, सगळं मिळून साठ जीबीच्या आसपास. पाऊण तासात सगळं लॅपटॉपवर उतरलं. तोवर कुणी डिस्कला हात लावायचा नाही, असा मी दम भरला होता.

मग नवा पेनड्राईव्ह काढला. तो पाकिटातूनच एक्सफॅट होऊन आलेला. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली, पण तिची माहिती २०१९ मधे सर्वांना खुली केली, म्हणून त्याआधीच्या बऱ्याच राऊटरना ती येत नाही. आमच्याही राऊटरने नाक मुरडलं. हा मात्र रिकामाच होता. फॉरमॅट करून एनटीएफएस केला, फाईली भरल्या, चारपाच ठिकाणी उघडून ऐकून पाहिल्या आणि राऊटरला लावला. ओळखला! पेनड्राईव्हला जास्त वीज लागत नाही, त्यामुळे बिदरहून आणलेला हब शेवटी लागलाच नाही. मूळ डिस्क पुसली नाही. ती फडक्यात गुंडाळून आत्याच्या कपाटात ठेवली, वर चिठ्ठी लावली, फॉरमॅट करू नये. लॅपटॉपवरची तिसरी प्रत पुण्याला जाणार.

संध्याकाळी आत्याच्या खाटेशी टॅब ठेवला. नातवाने सहज एक फाईल लावली, नावात १९७६ होतं. खरखर झाली, खोकला आला आणि आतोबांचा आवाज आला. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर स्वतः कन्नड घरातले, मराठी त्यांना परकी होती, हे ते गावकऱ्यांना समजावून सांगत होते. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मधेच मागून एका तरुण बाईचा आवाज आला. "अहो, च्या निवता हां!"

आत्याने डोळे उघडले. "ही कोण रे बाई?"

मी नातवाकडे बघितलं, नातू माझ्याकडे. कोंकणीत चहाला बोलावणारी बाई त्या घरात दुसरी कोण असणार?

"परत लाव," आत्या म्हणाली. परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती हसली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ गप्प बसली. मग पन्नास वर्षांत न बोललेल्या कोंकणीत मला म्हणाली, "च्या खरेंच निवली रे तेन्ना."

निघताना नातवाला दुसऱ्या ट्रंकेबद्दल विचारलं. माळ्यावर आहे म्हणाला. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात, वाचणारे मिळतील, तोवर कागदांना वाळवी लागू देऊ नकोस, एवढं सांगून मी बस पकडली.