कन्नडच्या वाटेवरचा खडक

आमच्या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. पाहुणा आला की मी त्याला पाणचक्कीवर नेतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधून शहराला पाणी कसे दिले आणि पुढे तशाच नळांच्या पाण्यावर इथले जाते कसे फिरले, हे सारे मी वर्गात शिकवावे तसे समजावून सांगतो. गेल्या दिवाळीत मात्र पुण्याच्या पुतण्याने मला मध्येच थांबवले.

"काका, इथे फाइव्ह-जी काय जोरात चालतंय!"

स्वारीचे लक्ष हौदाकडे नव्हतेच. ते हातातल्या फोनवर होते. मी म्हटले, "बरं, उद्या तुला कन्नडकडे नेतो."

दुसऱ्या दिवशी निघालो. देवगिरीचा किल्ला गेला, खुलताबाद गेले, वेरूळ मागे पडले. कन्नड ओलांडून गौताळ्याच्या डोंगरांत शिरलो, तसा पुतण्याचा चेहरा उतरू लागला. फाइव्ह-जीचे फोर-जी झाले आणि मग तेही गेले. मी त्याला माझ्या परीने सांगितले : वेगवान लहरी फार लांब जात नाहीत आणि डोंगर आडवा आला की अडतात. टॉवरचे सामर्थ्यही हौदासारखेच. तोट्या वाढल्या की प्रत्येकाची धार बारीक होते. शिवाय मागे तारेची भक्कम नहर नसेल, तर तोटी कितीही झकास असून काय उपयोग?

हे ज्ञान मला आधीच असते, तर फार बरे झाले असते. २०२० च्या पावसाळ्यात कॉलेजे बंद होती आणि आम्ही घरी बसून फोनवर शिकवत होतो. या भागातली एक विद्यार्थिनी रोज पाच-दहा मिनिटांत दिसेनाशी व्हायची. हाक मारली तर उत्तर नाही. मी गैरहजेरी मांडत गेलो. एकदा तर सर्वांदेखत लिहिले, "मराठीचा कंटाळा असेल तर विषय बदलावा." त्या वर्षानंतर ती परत आली नाही. गावाबाहेरच्या खडकावर छत्री धरून ती तास ऐकत असे, हे मला फार उशिरा कळले.

तिच्या घरी पोचलो. गावात आता टॉवर आहे. ओसरीवर बसून ती लोकांचे पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज फोनवर भरून देते. देशात फाइव्ह-जी सुरू झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्याची योजना मंजूर केली होती. इतकी गावे तोवर कोरडीच होती!

चहा झाल्यावर तिने आम्हाला तो खडक दाखवला. मी कसाबसा म्हणालो, "पोरी, माझं चुकलं."

ती म्हणाली, "सर, तुमचा आवाज येत होता. माझाच जात नव्हता."

टॉवरची ताकद मोठी, हातातल्या फोनची थोडी. म्हणून असे होते, हे पुतण्याने मला परतताना सांगितले. या खेपेला शिकवणारा तो होता.

तिने आता नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. आणि मी जूनमध्ये हजेरी घेण्याआधी प्रत्येकाला विचारतो, "घरी रेंज कुठे मिळते?"