आमची जुनी येझदी

आमच्या घरी एक जुनी मोटारसायकल आहे. तिचे नाव येझदी. वडिलांनी ती १९८६ साली घेतली. पालघरहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ते रोज तिच्यावरूनच कामाला जात.

येझदी म्हैसूरला तयार होत असे. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे तिचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. शेजारी म्हणतात, "भंगारात देऊन टाका!"

पण तिची गंमत निराळीच आहे. किक मारून इंजिन सुरू करायचे आणि तीच दांडी वळवून गियर टाकायचा! पेट्रोलमध्ये थोडे तेलही मिसळावे लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजते, म्हणून दर रविवारी मी तिला पुसून स्वच्छ करतो. दर पाच वर्षांनी तिची सरकारी तपासणी होते. तेव्हा आम्हांला परीक्षेसारखी धडधड होते.

वडिलांना आता किक मारवत नाही. ते माझ्या मागे बसतात आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतात. भंगारवाला लोखंडाचे पैसे देईल. पण वडिलांची ही विद्या, गाडी घरात आहे तोवरच मला शिकता येईल.