मान मोकळी करताना

ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन महिना-दीड महिना उलटला की दिंडोरी, निफाड, गिरणारे भागातून मान धरलेल्या बायका माझ्याकडे येऊ लागतात. द्राक्षाच्या मंडपाखाली दिवसभर मान वर करून विरळणी करायची, हात खांद्याच्या वर धरून घड डिपिंगच्या द्रावणात बुडवायचे, आणि घरी येऊन खाली मान घालून भाकरी थापायच्या. हल्ली त्यांतल्या बऱ्याच जणी मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे धरतात. “ताई, हे असं कडकड करून द्या.”

पूर्वी उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचे. एका झटक्यात सुटका व्हावी, ही आस तेव्हाही होती, आताही आहे. ज्याची रात्र कुशी बदलण्यात जाते त्याने दुसरं काय मागावं?

मणक्याला हाताने झटका देण्याची ही रीत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला कायरोप्रॅक्टिक या नावाने मांडली. बहुतेक रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. कंबरदुखीवर मात्र त्या झटक्याचा थोडाफार उपयोग होतो, साधारण व्यायामाइतकाच. आम्हा फिजिओथेरपिस्टनाही मॅन्युअल थेरपीत तो शिकवतात.

आवाजाचं मी आधीच सांगून टाकते. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. बोटं मोडताना येतो तोच. मणका जागेवर बसल्याची ती खूण नाही, कारण तो जागचा हललेलाच नसतो. आवाज न होताही मान मोकळी होते.

पहिल्या भेटीत माझे हात कमी आणि प्रश्न जास्त चालतात. हाताला मुंग्या येतात का? ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना झटका द्यायचाच नाही.

मग उताणं झोपवून कवटीच्या खालच्या कडेला बोटं टेकवते आणि थांबते. विरळणी करणाऱ्या बाईचे तिथले स्नायू दोरखंडासारखे ताठ असतात. परक्या हाताखाली ते आणखी आवळतात. “मावशी, डोकं माझ्या हातात सोडा,” म्हटलं तरी त्या सोडत नाहीत; सोडायची सवयच नसते. दोन-चार लांब श्वास गेले की कधीतरी डोक्याचा सगळा भार तळहातात उतरतो. उपचार खरा तिथून सुरू होतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच मान वळू लागते.

मानेला जोराचा झटका मी देत नाही. त्यानंतर मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचित घडतं, पण हलक्या ताणाने काम होत असताना तेवढाही धोका मला नको. कंबरेला झटका द्यायचा असेल तर आधी समजावते, हो म्हणाल्या तरच देते. नंतर एखाद-दोन दिवस अंग ठणकतं, हेही सांगते. तुमच्या मणक्याला हात लावणाऱ्याला त्याचं शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारा. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टची नोंदणी मात्र राज्याच्या परिषदेकडे होते. पहिल्याच दिवशी कुणी महिनोन्‌महिन्यांच्या बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, तर उठून या. ताजी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरतेच.

जुन्या मानदुखीचं कारण मात्र मंडपाखालीच असतं. म्हणून व्यायाम शिकवून झाले की मी मुकादमाशी फोनवर बोलते: बुटक्या बायकांना उभं राहायला पाट द्या, सलग विरळणी लावू नका, मधे मान खाली राहील असं काम द्या. काही मुकादम ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्या टोळीतल्या बायका पुढच्या हंगामात पुन्हा येतात, आणि मी पुन्हा फोन लावते.