हौदातली वाईन

रिओहाची वाईन म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढे ओकची पिंपं येतात. मला आठवतात ते लाग्वार्दियातले हौद. उत्तर स्पेनच्या रिओहा प्रदेशातल्या या टेकडीवरच्या गावात घराघराखाली तळघर, आणि शेतकऱ्याकडे दगडी नाहीतर सिमेंटचा हौद. द्राक्षतोडणीच्या दिवसांत टेम्प्रानियो या काळ्या द्राक्षांचे अख्खे घड देठांसकट त्यात पडायचे, सोबत थोडी विउराची पांढरी द्राक्षं. तळची द्राक्षं भाराने फुटून आंबू लागली की कार्बन डायऑक्साइड वर चढायचा आणि न फुटलेले मणी आतल्या आतच आंबायचे. मग माणसं हौदात उतरून ते पायांनी तुडवत. लालजांभळी, फळांचा वास मारणारी ती वाईन हिवाळ्यातच पिण्याजोगी व्हायची.

तिला लेबल नसायचं. वेताच्या वेष्टणातला काचेचा बुधला घेऊन गिऱ्हाईक दारात यायचं, शेतकरी भरून द्यायचा. तीच घरी जेवणाच्या ताटाशेजारी असायची. संध्याकाळी मित्रांचा घोळका एका बारमधून दुसऱ्यात जायचा, प्रत्येक ठिकाणी घोटभर प्यायचा. चवीची चर्चा नाही, गप्पा मात्र भरपूर.

पिंपात मुरवण्याची रीत इथे फ्रान्समधल्या बोर्दोकडून आली, तीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मुर्रिएता आणि रिस्कालसारख्या घराण्यांबरोबर. त्याआधी इथे ताजीच वाईन प्यायची पद्धत होती. म्हणजे ज्या वाईनला आज ‘साधी’ म्हणून खालच्या फळीवर ठेवतात, तीच या मातीतली थोरली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आज रिस्काल घराण्याच्या एल्सिएगो गावात वास्तुरचनाकार फ्रँक गेरींनी रचलेलं, टायटॅनियमच्या लाटा मिरवणारं हॉटेल आहे. ते २००६ साली उघडलं. पर्यटक येतात, पिंपात मुरलेल्या जुन्या ‘रिझर्व्हा’ वाईन चाखतात. ताजी वाईन बहुतेक स्टीलच्या टाक्यांत, तापमान सांभाळून होते. तिचा दर्जा निश्चितच सुधारला आहे. पूर्वी उन्हाळा लागला की काही बुधल्यांना आंबूस वास यायचा, तो आता येत नाही. पण पिणारे घटले. स्पेनच्या तरुणांच्या हाती बिअर आली, रोजच्या जेवणातली वाईन रविवारवर गेली. शिल्लक साठा इतका वाढला की २०२३ साली रिओहात वाईनचं ऊर्ध्वपातन करून ती निकाली काढावी लागली. ज्यांनी हौद तुडवले त्यांच्या नातवंडांना हे बघावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरीही काही शेतकरी जुन्या पद्धतीनेच हौद भरतात. चार-पाच युरोंत त्यांची बाटली मिळते. स्पेनला गेलात आणि बाटलीच्या मागच्या बाजूला हिरवं लेबल, त्यावर ताजं वर्ष दिसलं, तर महागड्या बाटलीआधी ती घ्या. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, जेवताना प्या आणि साठवून मुळीच ठेवू नका.